सल्ला हवाय : बिऱ्हाड हलवताना

शाळा सुरू होण्याआधी घर बदलायचं, म्हणून मे महिन्यात या विषयावरची पत्रं वाढतात. त्यांतली चार इथे घेतली आहेत.

बदलीमुळे डोंबिवलीहून नागपूरला जातोय. ट्रकवाला म्हणतो, फ्रिज आडवा टाकला तर सामान जास्त बसेल. चालेल का? फ्रंट लोड वॉशिंग मशीनचं काही करावं लागतं का? (डोंबिवली)

फ्रिज आडवा टाकू देऊ नका. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल असतं. फ्रिज आडवा झाला की ते पाइपांत शिरतं, आणि तसाच चालू केला तर कॉम्प्रेसरला वंगण कमी पडतं. उभा नेला तर पोचल्यावर तीन-चार तास थांबून प्लग लावा. आडवा न्यावाच लागला, तर उतरवल्यावर पूर्ण दिवस उभा राहू द्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रिज बंद करून बर्फ वितळू द्या, आतून कोरडा पुसा. काचेचे कप्पे काढून वेगळे गुंडाळा. मागच्या बाजूला कॉम्प्रेसरजवळ पाण्याचा छोटा ट्रे असतो, तो हमखास विसरला जातो. मग गाडीत चढवताना तेच पाणी शेजारच्या गादीवर सांडतं. दार चिकटपट्टीने बंद करू नका, डाग राहतात. स्ट्रेच फिल्मचे वेढे द्या.

फ्रंट लोड मशीनकडे फ्रिजपेक्षाही जास्त लक्ष हवं. आतला ड्रम स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बरवर तोललेला असतो, शिवाय त्याला काँक्रीटची वजनं लावलेली असतात. ८०० किलोमीटरच्या रस्त्यावर तो मोकळा हेलकावत राहिला, तर शॉक अ‍ॅब्झॉर्बर जातात किंवा टब तडकतो. म्हणून मशीन नवीन येतं तेव्हा ड्रम जखडून ठेवणारे लांब ट्रान्झिट बोल्ट मागून लावलेले असतात. बसवणाऱ्याने ते काढून तुमच्याकडे दिले असतील, माळ्यावर शोधा आणि निघण्याआधी परत लावा. सापडले नाहीत, तर मॉडेल नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून आधीच मागवा.

नळ बंद करून इनलेट पाइप सोडवा. समोर खाली छोटं झाकण असतं, त्यामागचा फिल्टर ताट लावून हळूहळू उघडा. आत बरंच पाणी साचलेलं असतं. नागपुरात मशीन लावताना आधी बोल्ट काढा. बोल्टसकट स्पिन लावला, तर मशीन आदळत-आदळत जागा सोडतं.

एचपीचा गॅस आहे. ठाण्याहून नाशिकला जाताना भरलेला सिलिंडर ट्रकमधून नेला तर? (ठाणे)

नेऊ नका, सामानाच्या गाडीत भरलेला सिलिंडर ही थेट आगीची जोखीम आहे. शहर बदलताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, सोबत सबस्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन घेताना मिळालेली डिपॉझिटची पावती, न्यायचं. तुम्ही कनेक्शन घेताना भरलेलं डिपॉझिट परत मिळतं आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, मिळतं. ते दाखवून नाशिकच्या एजन्सीत आजच्या दराने डिपॉझिट भरा. परत मिळतात ते डिपॉझिटचे पैसे, गॅसचे नव्हेत. म्हणून निघायच्या तोंडावर नवा सिलिंडर बुक करू नका. एकाच शहरातल्या शहरात घर बदललं, तर सिलिंडर तुमच्याकडेच राहतो, फक्त कनेक्शन नव्या एजन्सीकडे वर्ग होतं.

पॅकर्सच्या कोटेशनमध्ये ‘इन्शुरन्स ३ टक्के’ असं लिहिलंय. तेवढं पुरेसं आहे का? (कोथरूड, पुणे)

नाही. ती ओळ म्हणजे पॉलिसी नव्हे. विमा कंपनीची, तुमच्या नावाची, सामानाची किंमत लिहिलेली पॉलिसी हातात आल्याशिवाय ते पैसे देऊ नका. बऱ्याचदा ती रक्कम पॅकर्सच्या स्वतःच्या ‘रिस्क कव्हर’ची असते, आणि त्याच्या अटी बिल्टीच्या, म्हणजे वाहतूकदाराच्या माल-पावतीच्या, मागे बारीक अक्षरात असतात.

सामानाची यादी वस्तूगणिक हवी. ‘घरगुती सामान, ४० नग’ एवढंच लिहिलं, तर टीव्ही फुटल्यावर दाखवणार काय? प्रत्येक वस्तूपुढे आधीचे ओरखडे लिहा, फोटो काढा, बिल्टीवर जाहीर किंमत आणि ट्रकचा नंबर घालून घ्या. ‘शेअरिंग’ गाडी, म्हणजे इतरांच्या सामानासोबतची, स्वस्त पडते खरी, पण त्यात सामान बहुधा गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढतं. आमच्या मते काचसामान जास्त असेल तर ती बचत महागात पडते.

उतरवताना नुकसान दिसलं, तर सही करण्याआधी पावतीवरच नोंदवा. बिल्टी देणाऱ्या वाहतूकदारावर दावा लावायचा असेल, तर २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर ‘बघतो, करतो’ ऐकत बसण्यात हेच दिवस जातात.

पार्टिकल बोर्डचं तीन दारी कपाट दुसऱ्यांदा जोडल्यावर डगमगतं, असं ऐकलंय. (सांगली)

खरं आहे. पार्टिकल बोर्डातून स्क्रू काढला की भोकाची कड भुगा होते आणि दुसऱ्यांदा पकड बसत नाही. म्हणून आधी लिफ्ट आणि जिन्याचं वळण मापा. अख्खं जात असेल तर सोडवूच नका. सोडवावं लागलं, तर सैल भोकात फेव्हिकॉल लावलेल्या, गुल काढलेल्या आगपेटीच्या काड्या ठोका, रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू पिळा. जोडताना मागचा पातळ बोर्ड दारं लावण्याआधी बसवा, कारण कपाट काटकोनात धरतो तोच. सुतार घाईत तो शेवटी ठोकतात आणि मग बिजागरींना दोष देतात.