बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसले तर

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. वजन छान वाढतंय, पण शीमध्ये शेम आणि रक्ताचे धागे दिसतात. प्रतिकारशक्ती कमी आहे का? (मुलुंड)

कमी नाही, नको तिथे जागी झाली आहे. शीच्या जागी चीर किंवा जंतुसंसर्ग नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी बघून घ्या. ते नसेल तर बहुधा ही मोठ्या आतड्याची अन्नप्रथिनांची ॲलर्जी. तुम्ही घेतलेल्या दुधातल्या प्रथिनाचा अगदी सूक्ष्म अंश अंगावरच्या दुधात उतरतो. अन्नातलं प्रथिन शत्रू नाही, ही समज आतड्यात नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, राखतात. लहान बाळात ती घडी अजून बसायची असते. मग इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गुदाशयाच्या अस्तरात गोळा होतात, अस्तर सुजतं, रक्त झिरपतं. बाकी बाळ ठणठणीत! बहुतेकांचं वर्षभरात आपोआप सुटतं. अंगावर पाजणं मात्र थांबवू नका.

प्रश्न : रक्तातली आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) तपासणी नॉर्मल आली. म्हणजे ॲलर्जी नाही ना? (दादर)

असं नाही. ती तपासणी अंगावर लगेच गांधी उठवणारी ॲलर्जी पकडते. या आजारात ती बहुधा नॉर्मलच येते. खरी परीक्षा ताटात आहे. आईने दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद करायचा, चहातलं दूधसुद्धा. बिस्किटाच्या पुड्यावर ‘मिल्क सॉलिड्स’ वाचा. अळिवाची खीर नारळाच्या दुधात करा. रक्त बऱ्याचदा तीन-चार दिवसांत कमी होतं, तरी दोन आठवडे थांबा. मग डॉक्टरांना विचारून दूध पुन्हा सुरू करून बघायचं. रक्त परत दिसलं, तर निदान पक्कं. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात आणि बाळंतीण उगाच महिनोन्‌महिने पथ्यावर राहते. पथ्य लांबलं तर नाचणी, तीळ आणि कॅल्शियमची गोळी हवीच.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, तबेल्यातलं म्हशीचं किंवा शेळीचं दूध द्या. (जोगेश्वरी)

नको. प्रथिनं जवळपास सारखीच, आणि पहिल्या वर्षात हे दूध आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. वरचं लागलंच तर डॉक्टर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली पावडर लिहून देतील. सोयाही काहींना बाधतो.

प्रश्न : लसी पुढे ढकलू? (गिरगाव)

मुळीच नाही. पण उलट्या, फुगलेलं पोट, ताप, मधूनमधून कळवळून रडणं किंवा जेलीसारखी लाल शी दिसली, तर ही ॲलर्जी समजून घरी बसू नका. रात्र असली तरी इस्पितळ गाठा.