‘ही बखर झाली, इतिहास नव्हे’ : एका शेऱ्याच्या निमित्ताने

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास शिकणाऱ्या नागपूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : ‘रघूजी भोसल्यांच्या बंगालमधल्या स्वाऱ्यांवर मी निबंध लिहिला. त्यात एक वाक्य होतं, “पराक्रमी भोसल्यांच्या घोडदळाने बंगाल पादाक्रांत केला आणि कपटी अलिवर्दीखानाने भास्करपंतांचा घात केला.” सरांनी “पराक्रमी” आणि “कपटी” यांखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, “ही बखर झाली, इतिहास नव्हे.” मी दोन्ही विशेषणं काढून टाकली. आता वाक्य निःपक्ष झालं का? “बखर” हा शब्द कमीपणा दाखवणारा आहे का? आणि “बायस” व “नॅरेटिव्ह” यांना मराठीत नेमकं काय म्हणावं?’

प्रश्न चार आहेत, पण एकाच मुळातून फुटलेले. बखरीपासून सुरुवात करतो.

‘बखर’ म्हणजे बहुतेकांच्या मते ‘खबर’. अक्षरांची अदलाबदल झाली, ज्याला व्याकरणात वर्णविपर्यास म्हणतात. बोलताना आपण ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ करतो, ‘मतलब’चं ‘मतबल’ करतो, तसंच. फारसी ‘बखैर’शी तिचा संबंध जोडणारेही आहेत, पण मला खबरीची वाट सरळ वाटते. ‘अखबार’ हे त्याच खबरीचं अनेकवचन. म्हणजे बखर आणि वर्तमानपत्र ही एका घरातली भावंडं. याच पंगतीत आणखी तीन शब्द बसतात. ‘तवारीख’ हे ‘तारीख’चं अनेकवचन, ‘हकीकत’च्या मुळाशी सत्य आहे, आणि ‘इतिहास’ म्हणजे इति ह आस, ‘असं खरोखर झालं’. एक शब्द बातमीवर उभा आहे, एक दिनांकावर, एक खरेपणावर आणि एक ठामपणावर. चौघांत सर्वांत मोठा दावा इतिहासाचा आहे आणि बखरीचा सर्वांत साधा : बातमी कळली ती सांगतो.

कमीपणा या शब्दाला नंतर चिकटला, आणि कसा चिकटला ते पाहता येतं. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इंग्रजी इतिहास १८२६ साली निघाला. तीन-चार वर्षांतच कॅप्टन डेव्हिड केपन याने त्याचं मराठी करवलं, आणि त्या भाषांतराचं नाव काय ठेवलं? ‘मराठ्यांची बखर’. त्या काळच्या मराठी वाचकाला हा शब्द पुरेसा भारदस्त होता, साहेबाच्या ग्रंथालाही शोभणारा. पुढे १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याच ग्रंथाचे दोष दाखवले, तेव्हाही टीका ‘बखरीवर’च होती. कीर्तने तेव्हा पंचविशीच्या आतले होते, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. मराठ्यांविषयी साहेबाने लिहिलेलं तपासून घ्यायला हवं, हे एका तरुण अभ्यासकाने जाहीरपणे मांडलं. त्यानंतर इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. अस्सल पत्रांशी ताडून पाहिलं की बखरींमधले सन, नावं, आकडे कसे घसरतात हे त्यांनी दाखवून दिलं. तेव्हापासून ‘अस्सल कागद’ हे सोनं आणि बखर हे पितळ अशी विभागणी झाली. तुमच्या सरांचा शेरा त्या परंपरेतून आलेला आहे. शेरा योग्यच आहे, फक्त त्याचा अर्थ ‘बखर वाईट’ असा घेऊ नका.

कारण बखरीत एक प्रामाणिकपणा असतो, जो आपल्या निबंधांत सहसा सापडत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर उघडा. तो पहिल्यांदाच सांगतो की राजाराम महाराजांनी आपल्या वडिलांचा पराक्रम मुळापासून कसा झाला ते विचारलं, म्हणून हे लिहितो. लिहिणारा कोण, लिहवून घेणारा कोण, ऐकणारा कोण, हे वाचकाच्या हातात पहिल्याच पानावर येतं. सेवकाने धन्याला धन्याच्या वडिलांची कथा सांगितली आहे हे कळलं, की किती मापाने ऐकायचं ते आपण ठरवू शकतो. पाठ्यपुस्तकातला ‘१७४२ मध्ये मराठ्यांनी बंगालवर स्वारी केली’ हा वाक्यप्रकार मात्र जणू आकाशातून बोलतो.

आता ‘बायस’. तुम्ही एकच शब्द मागता आहात आणि मराठीकडे निदान चार आहेत. ते एकमेकांच्या जागी टाकले की गोंधळ होतो. पुरावा पाहण्याआधीच मत धरून ठेवलं, तर तो पूर्वग्रह. ‘त्याचा माझ्याबद्दल वाईट ग्रह झाला’ असं आपण म्हणतो, त्यातलाच हा ग्रह. पुरावा दोन्हीकडचा पाहिला, पण निवाडा देताना एका बाजूला झुकतं माप दिलं, तर तो पक्षपात. आपल्या बाजूसाठी आवाज चढवला, रक्त तापवून लिहिलं, तर अभिनिवेश. आणि जाणूनबुजून काही न करता नुसतं घरच्या बाजूला झुकलं, तर तो कल. तराजूचा काटा कलतो तसा. तुमच्या वाक्यात मला पक्षपात दिसत नाही, पूर्वग्रहही फारसा नाही. विशेषणांत थोडा अभिनिवेश होता, तो सरांनी काढला. उरला आहे तो कल, आणि तो विशेषणांत नसतो.

तो कुठे असतो ते सांगायला बोलीतले वाक्प्रचार शास्त्रीय शब्दांपेक्षा जास्त कामाचे आहेत. तिखटमीठ लावणं, पदरचं घालणं, हातचं राखून सांगणं. लाल पेन्सिलीला पहिलं चटकन दिसतं. पदरचं घातलेलं कागदपत्रांशी ताडलं की सापडतं. हातचं राखलेलं मात्र कुठेच दिसत नाही, कारण ते लिहिलेलंच नसतं. तुमच्या निबंधात भोसल्यांचे सरदार आहेत, बंगालचा नवाब अलिवर्दीखान आहे, चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आहे. ज्यांच्याकडून ती वसूल झाली ती बंगालमधली माणसं आहेत का? शंभरेक शब्दांचा परिच्छेद तुम्ही पाठवलात त्यात तरी नाहीत.

क्रियापदांकडे या. ‘पादाक्रांत केला’ म्हणजे पायाखाली घातला. विशेषण गेलं तरी विजयाचा पाय तिथेच आहे. आणि ‘घात केला’मध्ये कपट आहेच, ‘कपटी’ हे त्याचं दुसऱ्यांदा सांगणं होतं. इथे जरा थांबतो, कारण मराठीत जीव घेण्याचे शब्द फार बोलके आहेत. मूळ संस्कृतात ‘वध’ म्हणजे नुसतं मारणं. पण मराठी कानाला कंसवध, कीचकवध, शिशुपालवध यांची सवय आहे, त्यामुळे वध ज्याचा होतो तो मरण्याच्याच लायकीचा, हे शब्दातच आलं. ‘हत्या’ला पाप चिकटलेलं आहे, ब्रह्महत्येपासून. ‘खून’ म्हणजे फारसीत रक्त, आपल्याकडे गुन्हा. म्हणून १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी झाला तो अफजलखानाचा ‘वध’, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात झाला तो नारायणरावाचा ‘खून’. या दोन शब्दांची अदलाबदल करून पाहा, जीभच वळणार नाही. ३० जानेवारी १९४८ च्या घटनेला मात्र मराठीत हत्या, खून आणि वध असे तिन्ही शब्द लावलेले आढळतात, आणि लावणारा कुठे उभा आहे हे त्या एका शब्दावरून कळतं. ‘वध’ म्हणणाऱ्याने गांधीजींना कंसाच्या रांगेत बसवलेलं असतं. मी तो शब्द तिथे वापरत नाही आणि कोणी वापरला तर मला तो खुपतो.

नारायणरावावरून आठवलं : ‘ध चा मा करणे’. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं अशी गोष्ट, जिच्याबद्दल इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. पण वाक्प्रचाराने निकाल कधीच देऊन टाकला. शाळेतलं पोर कागदपत्र पाहण्याआधी हा वाक्प्रचार शिकतं. पूर्वग्रह कसा तयार होतो याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

आता तुमच्या भास्करपंतांकडे. भास्करराम कोल्हटकर, रघूजींचे दिवाण. ३१ मार्च १७४४ ला अलिवर्दीखानाने त्यांना मनकरा इथे बोलणीसाठी बोलावलं आणि तंबूत सरदारांसह कापून काढलं. हा घात होता, मी त्याला दुसरं काही म्हणणार नाही. पण चित्र बघा : भेटीचा करार, तंबू, आणि सेनापती मारला जातो. प्रतापगडाच्या शामियान्याचं चित्रही दुरून असंच दिसतं. या दोन घटना सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. प्रतापगडी दोन्ही पक्ष एकमेकांना ओळखून, तयारीने आले होते, आणि पहिला वार खानाने केला असं आपली साधनं सांगतात. पण खाफीखानासारख्या मोगल बाजूच्या लेखकाने तो प्रसंग शिवाजी महाराजांचं कपट म्हणूनच रंगवला, आणि ग्रँट डफनेही दोष महाराजांच्याच पदरी घातला. म्हणजे ‘घात’ हा शब्द वापरायला हरकत नाही. त्याच्या मागे काय पुरावा आहे ते सांगता आलं पाहिजे, आणि तो पुरावा दोन्ही तंबूंना सारख्याच कसोटीने लावता आला पाहिजे.

सर्वांत जास्त वेळ मला एका शब्दापाशी घालवावासा वाटतो. बारगीर. मराठी वाचकाला माहीत आहे : ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. साधा, पगारी स्वार. शब्दात ना शौर्य ना क्रौर्य. फारसीतलं ‘गीर’ म्हणजे घेणारा, धरणारा. आपल्या ‘मुलुखगिरी’तही तेच आहे, मुलूख घेणं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीला निघायचं, या वाक्यात आपल्याला सोनं आणि आपट्याची पानं दिसतात.

हाच बारगीर बंगालीत जाऊन ‘बर्गी’ झाला. १७४२ ते १७५१ या वर्षांतल्या स्वाऱ्यांना बंगाली माणूस ‘बर्गीर हांगामा’ म्हणतो. हांगामा म्हणजे आपला हंगामा, दंगा. तिकडे एक अंगाई आजही गातात. तिचा अर्थ असा : बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी देशात आले; बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कशाने भरू? आपण ‘बागुलबुवा येईल’ म्हणतो, त्या जागी तिकडे आपला पगारी स्वार उभा आहे. पहिल्यांदा मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कोलकात्याच्या इंग्रजांनी मराठ्यांच्या भीतीने खणायला घेतलेला खंदक पुरा झाला नाही आणि पुढे बुजवला गेला, पण बागबाजारात त्याच्या नावाची गल्ली अजून आहे.

आणि त्या काळातला गंगाराम हा बंगाली कवी बघा. त्याच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त सुरुवातीला पृथ्वी पापाने जड झालेली आहे आणि शंकराच्या इच्छेने मराठे शिक्षा करायला येतात. पण त्यांनी ब्राह्मण, वैष्णव, बायकापोरं कोणालाच सोडलं नाही तेव्हा देवीच त्यांच्यावर उलटते आणि भास्करपंत मारले जातात. कवीने मधेच बाजू बदलली, आणि का बदलली तेही सांगितलं. तुमच्या निबंधात ही साक्ष यायलाच हवी. ती आली की ‘पादाक्रांत’ आपोआप खटकायला लागेल.

राहिला ‘नॅरेटिव्ह’. हा शब्द सध्या राजकारणामुळे घरोघरी पोचला आहे, २०२४ च्या निवडणुकांपासून तर ‘फेक नॅरेटिव्ह’ रिक्षावाल्याच्या तोंडीही आहे. साहित्यातल्या अर्थाने ‘कथन’ किंवा ‘निवेदन’ पुरतं. घडलेलं क्रमाने सांगितलं तर ‘वृत्तांत’. पण काहीतरी पटवून देण्यासाठी रचून सांगितलेली गोष्ट या अर्थाने मला ‘आख्यान’ सुचवावंसं वाटतं. नारदीय कीर्तन ऐकलं असेल तर लक्षात येईल. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन सिद्धांत मांडतात, उत्तररंगात तो पटावा म्हणून आख्यान लावतात. गोष्ट खोटी नसते, पण कोणती निवडायची आणि कुठे संपवायची हे पूर्वरंगानेच ठरवलेलं असतं. ‘नॅरेटिव्ह’मधला हा गुण ‘कथन’मध्ये येत नाही. शिवाय ‘काय आख्यान लावलंय’ असं आपण घरीही म्हणतो, म्हणजे शब्द अजून जिवंत आहे.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘१७४२ पासून रघूजी भोसल्यांचं घोडदळ चौथाईसाठी बंगालवर पुनःपुन्हा चालून गेलं, तिथल्या लोकांच्या आठवणीत ते बर्गी म्हणून उरलं. मार्च १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने भास्करपंतांना मनकरा इथे बोलणीसाठी बोलावून सरदारांसह ठार मारलं.’ ‘कपटी’चं सगळं काम इथे ‘बोलणीसाठी बोलावून’ करतं, आणि ते तपासता येतं. ‘बर्गी’चं भाषांतर करू नका, तसाच ठेवा. परिच्छेद पुरा झाला की मनकऱ्याच्या तंबूसाठी निवडलेली क्रियापदं प्रतापगडाच्या शामियान्याला लावून एकदा मोठ्याने वाचा, आणि जिथे जीभ अडखळेल तिथे स्वतःच्याच पेन्सिलीने रेघ ओढा.