सोडून दिलेले खोपे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही मिळाली. विहिरीकाठच्या बाभळीवरच्या सुगरण पक्ष्यांची एकवीस दिवसांची टिपणं मी दोनदा वाचली. नर किती वाजता आला, भाताच्या पात्याची चीर कशी ओढून काढली, खोप्याला लोंबकळत पंख कसे फडफडवले, सगळं त्यात आहे. मादी मात्र चार ओळींत संपते. ‘मादी आली, गेली.’ मला त्या चार ओळींबद्दलच लिहायचं आहे.

तसं होणं साहजिक आहे. विणीच्या दिवसांत नराचं डोकं पिवळंधमक होतं, तो ओरडतो, नजर तिकडेच जाते. मादी चिमणीसारखी मातकट. आपल्या भाषेनं पक्ष्याला नाव दिलं बाईचं, सुगरण, आणि विणतो तो नर. लोक ही चूक म्हणून सांगतात. मला ते नाव सोळा आणे चुकलेलं वाटत नाही. विणकाम त्याचं, पण पसंती तिची. असं विणणारा नर पिढ्यानपिढ्या तिच्या पसंतीतून घडत आला आहे.

तू विचारलंस, इतके खोपे अर्धवट का? वाऱ्यानं मोडले की नर कंटाळला? नर आधी खोपा अर्ध्यावरच आणतो, उलट्या हेल्मेटसारखा. मग मादी येते, आत शिरते, पाहणी करते. तिला पटला तरच तो पुढे खाली उतरणारी नळी विणतो. ती आत अंडी घालते आणि हा शेजारीच दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा सुरू करतो. न पटलेला तसाच लोंबत राहतो. म्हणजे तुझ्या वहीत ‘अपूर्ण खोपे ९’ असं जे लिहिलं आहेस, त्यातले बरेचसे तिचे नकार असणार. नुसती खोपा कसा विणलाय याचीच नाही, तो कुठे टांगलाय याचीही ती पारख करते. म्हणून फांदीची उंची, खाली पाणी आहे की नाही, काटे किती, हे प्रत्येक खोप्यापुढे लिही.

हे कोडं पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला सोडवलं. तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. घराजवळच्या वसाहतीकडे ते दिवसचे दिवस बघत बसले आणि १९३१ साली ते निरीक्षण छापून आलं. भारी उपकरण कुठलंच नव्हतं. तुझ्याकडे आहे तेवढंच सामान त्यांच्याकडे होतं, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता ‘लैंगिक निवड’ या शब्दाकडे ये. जोडीदार मिळवायला उपयोगी पडणारे गुण पिढ्यानपिढ्या वाढत जातात, ती ही निवड. डार्विननं १८७१ साली ती सविस्तर मांडली. तिच्या दोन वाटा. एक नरानराच्या झुंजीची. चितळाची शिंगं त्या वाटेनं आली, ते कुणालाही पटतं. दुसरी मादीच्या पसंतीची, आणि ती मात्र पचायला जड गेली. डार्विनबरोबरच नैसर्गिक निवडीची कल्पना मांडणाऱ्या खुद्द वॉलेसनंही ती मानली नाही. पुढे कितीतरी वर्षं बहुतेकांनी ती बाजूलाच ठेवली.

मादीच्या पसंतीच्या या कल्पनेची परीक्षा कशी घ्यायची, हे माल्टे अँडरसन या स्वीडिश जीवशास्त्रज्ञानं केनियात दाखवलं. त्याचा पक्षी लांब शेपटीचा विडोबर्ड, सुगरणीच्याच कुळातला. नर काळा, शेपूट जवळजवळ अर्धा मीटर. त्यानं ३६ नर घेतले. काहींची शेपटी कापून आखूड केली, ते तुकडे दुसऱ्यांना चिकटवून त्यांची लांब केली. काहींची कापून पुन्हा तशीच जोडली, काहींना हातच लावला नाही. कापून जोडलेले नर कशाला, असं वाटेल. फरक कात्री-गोंदामुळे पडत नाही ना, हे त्यांच्यावरून कळतं. वाढीव शेपटीच्या नरांच्या हद्दीत सर्वांत जास्त माद्यांनी घरटी केली. आखूड शेपटीवाल्यांची हद्द मात्र सुटली नाही. म्हणजे ती शेपटी झुंजीसाठी नव्हती, मादीच्या नजरेसाठी होती. १९८२ चा तो निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

एक दुरुस्ती. ‘मादीला स्थळ पसंत पडलं’ असं तू लिहिलं आहेस. वाक्य गोड आहे, तरी ते खोड. पसंती म्हणताना तिनं विचार केला असा आपला दावा नसतो. ठरावीक गुण असलेल्या नरांकडे माद्या पुन्हापुन्हा जातात, त्या नरांची पिल्लं जास्त होतात आणि तो गुण पुढच्या पिढीत वाढतो, एवढंच आपण म्हणतो. तो गुण किती वाढेल, याला ससाण्याची चोच आणि नराची ताकद लगाम घालतात.

मादीच नेहमी निवडते असंही धरून चालू नकोस. तलावावरचा कमळपक्षी बघ. तिथे मादी मोठी, नरांसाठी भांडणारी, आणि अंडी उबवतो नर. पिल्लांसाठी जो जास्त अडकून पडतो, तो जोडीदार पारखून घेतो.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या माशांचंही तुला सांगायचं आहे. तिथे सिचलिड माशांच्या अनेक जवळच्या जाती आहेत. मादी नराच्या रंगावरून आपल्या जातीचा जोडीदार ओळखते. माणसांमुळे पाणी गढूळ झालं, तिथे तिला रंग दिसेनात. जाती एकमेकींत मिसळू लागल्या आणि रंग फिके पडले. हे संशोधन १९९७ साली छापून आलं. मादीच्या नजरेवर जातींमधली वेस उभी होती. तिला दिसेनासं झालं आणि वेस ढासळली. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा आता नव्या पानावर मादीचा रकाना आधी आख. ती कोणत्या खोप्यात शिरली, किती वेळ आत होती, लगेच पुढच्या खोप्यावर गेली का, परत आली का. खोप्यांना हात लावू नकोस, झाडापासून लांब बैस. एक मादी एका सकाळी किती खोपे पाहते, हे मला पुढच्या पत्रात हवं आहे.

तुझा,
सर