कांद्याच्या मुळाचं टोक आणि वरच्या गप्प पेशी

तुमचा प्रश्न मला असा कळला: मुळाच्या टोकाच्या काचपट्टीवर विभाजनाच्या सगळ्या अवस्था दिसल्या, पण सेंटिमीटरभर वरचा तुकडा घेतला तर एकही नाही. मग वरच्या पेशींत विभाजनाचं जनुक नसतं का?

असतं. टोकाला जी जनुकं आहेत तीच वरही आहेत. आणि ‘विभाजनाचं जनुक’ असं एकवचनी काही नसतं, हे आधी डोक्यातून काढा.

विभाजन घडवणारं यंत्र फार जुनं आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल नर्स यांनी यीस्टमध्ये विभाजन चालवणाऱ्या ज्या सीडीसी२ जनुकावर काम केलं (२००१च्या नोबेलमध्ये हार्टवेल आणि हंट यांच्याबरोबर तेही होते), त्याचा वनस्पतींतला भाऊ म्हणजे सीडीकेए हे जनुक. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपाचं हे जनुक सीडीसी२ बिघडलेल्या यीस्टमध्ये घातलं, तर ते यीस्ट पुन्हा विभाजू लागतं! जनुकापासून बनतो कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम, पण तो एकटा निरुपयोगी. सायक्लिन नावाचं प्रथिन येऊन चिकटलं की तो कामाला लागतो. सायक्लिन ठरावीक वेळी बनतं आणि काम झालं की मोडलं जातं, म्हणून चक्र पुढेच सरकतं. वनस्पतींत सीडीकेबी हा आणखी एक कायनेज असतो, तो प्राण्यांत नाही. त्याचं प्रमाण विभाजनाच्या तोंडावर वाढतं.

आता तुमच्या वरच्या पेशी. डीएनएची प्रत काढायला लागणारी जनुकं ई२एफ हे प्रथिन चालू करतं, आणि आरबीआर हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. डी गटातलं सायक्लिन आलं की कायनेज आरबीआरवर फॉस्फेट लावतो, पकड सुटते. माणसात डी सायक्लिनची जनुकं ३, अराबिडॉप्सिसमध्ये १०. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. झाडाला जागा सोडून जाता येत नाही. कुठे वाढायचं आणि कुठे थांबायचं, हा निर्णय संप्रेरकं आणि साखर यांच्याकडून याच दारातून आत येतो. केंब्रिजमधल्या संशोधकांनी १९९९ साली दाखवलं की सायटोकायनिन हे संप्रेरक दिलं की डी३ सायक्लिनचं (डी गटातल्याच एकाचं) जनुक चालू होतं. ते जनुक कायम चालू ठेवलं, तर पानाच्या तुकड्यांपासून सायटोकायनिनशिवायही कॅलस, म्हणजे विभाजत राहणाऱ्या पेशींचा गोळा, तयार झाला. मी काही वर्षं केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये बाटल्या भरल्या आहेत. मीडियात (रोपांच्या पोषक द्रावणात) बीएपी हे कृत्रिम सायटोकायनिन घालताना आपण नेमकं काय ढकलतोय, हे मला हा प्रयोग वाचेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

थांबलेल्या पेशी रिकाम्या बसतात असंही नाही. पानावरच्या लवेची पेशी विभाजन सोडते, पण डीएनए दुप्पट करत राहते, साधारण चार वेळा, आणि फुगत जाते. तिथे विभाजनाला लगाम लावणाऱ्या जनुकाचं नाव सियामीज. ते बिघडलं की एकपेशीय लव अनेक पेशींची होते, जुळ्यांसारखी चिकटलेली, नाव त्यावरूनच.

आरबीआरची पकड पक्की नसते याचा पुरावा शेतातही आहे. भेंडीवरचा हळद्या रोग ज्या जेमिनिव्हायरस कुळातल्या विषाणूमुळे होतो, त्या विषाणूंकडे डीएनएची प्रत काढणारं स्वतःचं एन्झाइम नसतं. पांढरी माशी त्यांना सोडते त्या पानातल्या बहुतेक पेशी विभाजन थांबवलेल्या, म्हणजे प्रत काढायची हत्यारं पेटीत बंद. या कुळातल्या ज्या विषाणूंचा नीट अभ्यास झाला आहे, त्यांचं रेप प्रथिन थेट आरबीआरलाच जाऊन चिकटतं. ई२एफ मोकळं होतं, पेशी हत्यारं बाहेर काढते, आणि वापरतो विषाणू.

तेव्हा तुमच्या वरच्या तुकड्यातल्या पेशी मेलेल्या नाहीत आणि काही हरवलेल्याही नाहीत. जर्नलमध्ये ‘जनुक अनुपस्थित’ लिहिलं असेल तर खोडा. आणि पुढच्या वेळी टोकापासून दोन मिलिमीटरच घ्या, त्यामागचा भाग वेगळ्या पट्टीवर, आणि दोन्हीकडे पेशींची लांबी मोजा. फरक डोळ्यांनीच दिसेल.