निधीसाठी पहिल्यांदा धावतेयस, तर

अगं, कर्करुग्णांसाठी धावायचं ठरवलंस, मनापासून आनंद झाला. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणून पैसे मागायला दिवाळीआधीच लाग. दिवाळीत लोकांचा हात सैल असतो.

आधी एकदा परळला टाटा हॉस्पिटलपाशी जाऊन ये. फाइल आणि एक्सरेची पिशवी उशाशी घेऊन फुटपाथवर टेकलेली गावाकडची माणसं दिसतील. उपचारांइतकीच राहण्याखाण्याची ओढाताण असते. हे डोळ्यांनी पाहिलंस की मागताना संकोच वाटत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मेसेज टाकून बसू नकोस. अंगठे भरपूर येतात, पैसे येत नाहीत. एकेकाला फोन कर आणि नेमका आकडा सांग: "काका, पाचशे द्याल का?" माझी पहिली देणगी आमच्या इस्त्रीवाल्या दादांची होती, शंभराची नोट, चार घड्या घातलेली. ती मी अजून विसरले नाही.

पैसे स्वतःच्या खात्यात मुळीच घेऊ नकोस, ज्या संस्थेसाठी धावतेयस, थेट तिच्याकडे जाऊ देत. देणगीवर आयकरात मिळणाऱ्या ८०जीच्या सवलतीसाठी देणाऱ्याचा पॅन लागतो, आणि रोख २००० रुपयांच्या वर दिले तर ती मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ही सवलतच नाही, तेही आधीच सांग. एका संस्थेने मला पावत्यांसाठी मे महिन्यापर्यंत ताटकळत ठेवलं होतं. देणारे मलाच विचारायचे. तेव्हा पावती कोण, कधी देणार, हे पहिल्याच भेटीत विचारून घे.