जोडीनं उडणाऱ्या माश्या

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑरलँडोला आले आहे. मे महिना लागला आणि काळ्या माश्यांनी भिंती, गाडी, अंगण सगळं भरून गेलं. दोन-दोन एकमेकींना चिकटलेल्या! परवा टॅम्पाला जाऊन आलो, तर गाडीच्या काचेवर नुसता लगदा. शेजारी म्हणतात, डास मारायला इथल्या विद्यापीठानं त्या तयार केल्या आणि हातून निसटल्या. खरं का? नातू दीड वर्षाचा आहे, त्याला चावतील का?
– एक आजी, मूळ नाशिक

उत्तर : आजी, आधी नातवाचं. या माश्या चावत नाहीत, डंखही मारत नाहीत. त्याला खुशाल अंगणात सोडा.

आणि ‘एकमेकींना’ नव्हे हो, नवरा-बायको आहेत ते! म्हणून तर नाव लव्हबग. पाठीवर शेंदरी ठिपका दिसेल. मादी मोठी; ती पुढे उडते आणि नर बिचारा उलट्या तोंडानं मागे फरफटत जातो. दोन-दोन दिवससुद्धा सुटत नाही, कारण सुटला तर दुसरा नर टपलेलाच असतो. मग मादी कुजक्या पाल्याखाली शे-तीनशे अंडी घालते आणि मरते. अळ्या तोच पाला खाऊन त्याची माती करतात, आपल्या गांडुळांसारख्या.

विद्यापीठाची गोष्ट मलाही तिथं एकानं फार गंभीरपणे सांगितली होती. साफ खोटी. फुलातला रस चोखणारी माशी डास काय धरणार? १९४० साली हार्डी या कीटकशास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं, तेव्हा ती टेक्सासमध्ये होती. किनाऱ्याकिनाऱ्यानं सरकत १९४९च्या सुमारास फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला पोचली आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत दक्षिणेपर्यंत पसरली.

आता रस्त्यावरच का मरायला येतात? गाडीच्या धुरावर ऊन पडलं की त्यातून जे वायू तयार होतात, त्यांचा वास मादीला कुजणाऱ्या पाल्यासारखा वाटतो. आपला हमरस्ता, तिचा उकिरडा! त्यात तापलेलं डांबर आणि फिक्या रंगाच्या वस्तूंची ओढ.

माझ्या भाचीची गाडी पांढरीच होती. ‘उद्या धुऊ’ म्हणून मी आळस केला आणि बॉनेटवर कायमचे डाग पडले. त्यावरून मी अजून बोलणी खाते. चिरडलेली माशी उन्हात दिवसभरात आंबते, आम्ल होते आणि रंग खाते. म्हणून त्याच दिवशी ओलं फडकं पाच-दहा मिनिटं टाकून ठेवा, मग पुसा. कोरडं घासू नका. समोरची जाळी विसरू नका, ती चोंदली की इंजिन तापतं.

टॅम्पाला पुन्हा जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत निघा, नाहीतर दिवेलागणीनंतर. अंधारात त्या उडत नाहीत. फवारणीवर मुलाचे पैसे घालवू नका. चारेक आठवड्यांत आपोआप संपतील. दुसरी फेरी ऑगस्ट-सप्टेंबरात असते. परतीचं तिकीट जुलैचं असेल तर ती तुम्हाला चुकेल. सुनेला मात्र फडक्याचं सांगून ठेवा.