'हॅव' केला म्हणजे केक खाल्लाच ना?

प्रश्न असा आहे की 'यू कान्ट हॅव युअर केक अँड ईट इट' या म्हणीचा अर्थच लागत नाही, कारण केक हॅव करणं म्हणजे खाणंच की, मग दोन्ही जमत नाही असं कसं? शिवाय साबणाला केक ऑफ सोप का म्हणतात?

गोची 'हॅव'मधे आहे. 'हॅव टी', 'हॅव ब्रेकफास्ट' आपण शाळेपासून ऐकतो त्यामुळे हॅव म्हणजे खाणंपिणं हे डोक्यात पक्कं बसतं, पण इथे त्याचा अर्थ जवळ ठेवणं, शिल्लक असणं. एकदा फस्त केल्यावर केक डब्यात कुठून राहणार! क्रम उलटा केला की लगेच कळतं, आणि जॉन हेवूड या इंग्रज लेखकाच्या १५४६च्या म्हणींच्या संग्रहात क्रम तसाच आहे, आधी खाणं मग जवळ असणं. अमेरिकेत पोस्टाने बॉम्ब पाठवणारा टेड काझिन्स्की हाच जुना क्रम वापरायचा, त्याच्या जाहीरनाम्यातही आणि घरच्या पत्रातही, आणि एफबीआय या तिथल्या तपाससंस्थेच्या भाषातपासणीत हे जुळणं नेमकं टिपलं गेलं. मला हा किस्सा फार आवडतो, एवढ्याशा शब्दक्रमावरून माणूस ओळखू येतो!

मराठीत 'दोन्ही डगरींवर पाय' जवळचं वाटतं पण तंतोतंत नाही, त्यात कुठल्याच एका बाजूला न जाता दोन्हीकडे राहणं आहे. मी तरी सरळ 'दोन्ही कसं मिळेल?' असंच म्हणेन.

आता साबण. केक हा शब्द जुनी नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून आला आणि तेव्हा तो गोड पदार्थ नव्हताच, छोटी चपटी भाकरी म्हणा ना. म्हणजे मूळ भर आकारावर, दाबून थापून केलेल्या गोळ्यावर. म्हणून गोवरी म्हणजे डंग केक, पेंड म्हणजे ऑइल केक, आणि बुटावर चिखल वाळून घट्ट बसला की तोही 'केक्ड'. आपली वडी अगदी असंच करते, अळूची वडी, खोबऱ्याची वडी आणि साबणाचीही वडीच, तिथे आपल्याला काही खटकत नाही.

'सेलिंग लाइक हॉट केक्स'मधले केकसुद्धा वाढदिवसाचे नव्हेत, तव्यावरचे पॅनकेक, उतरले की लगेच उचलायचे. यासाठी आपलं 'हातोहात खपणे' झकास आहे. 'पीस ऑफ केक'ला हातचा मळ म्हणा, आणि कुणी वैतागून 'धिस टेक्स द केक' म्हणालं तर 'ही तर कडीच झाली!'